फाटकाबाहेरच्या पोरी

आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे. अकाऊंट्समध्ये. वय चोवीस, एक्सेलची राणी, महिनाअखेरीला तिच्या टेबलाच्या आसपास फिरकायची कुणाची टाप नसते. ही मुलगी बीटीएसची फॅन आहे. साधीसुधी नाही, 'आर्मी'! नवीन गाणं आलं की रात्रभर दोन मोबाईल आणि एका लॅपटॉपवर तेच गाणं चालू. का, तर आकडा वाढला पाहिजे. युट्यूबवर बघून कोरियन शिकतेय. डब्यात पोळी-भाजी आणि किचेनला जिमिनचा फोटो. परवा कँटीनमध्ये सेल्सवाल्या एकाने पिन मारली, ''काय ग्रुपीगिरी लावलीय हिने!'' सगळे हसले. ती शांतपणे चहा संपवत राहिली आणि उठताना एवढंच म्हणाली, ''आयपीएलच्या मॅचसाठी तू चार वाजता ऑफिसातून सटकतोस, तेव्हा तुला कोण काय म्हणतं रे?''

सही! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माझ्या डोक्यात तो शब्द अडकून बसला. ग्रुपी.

हा शब्द साठच्या दशकातला. रॉक बँड गावोगाव फिरायचे, हॉटेलात उतरायचे आणि त्यांच्याभोवती मुलींचा घोळका असायचा. फेब्रुवारी १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने या मुलींवर अख्खा विशेषांक काढला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'ग्रुपी' नावाची कादंबरी आली आणि शब्द घरोघरी पोचला. पुढे पामेला दे बार्सने १९८७ मध्ये स्वतःच्या त्या दिवसांवर बेधडक आत्मकथा लिहिली. तिने तो शब्द अभिमानाने मिरवला. मिरवू दे, तिचा हक्क आहे. पण लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर सत्तरच्या दशकात जमणाऱ्यांमध्ये शाळकरी वयाच्या मुली होत्या आणि मासिकं ते गंमत म्हणून छापत होती, हे आज वाचताना पोटात ढवळतं. त्यावर वेगळा लेख लागेल, आणि त्यात गंमत नसेल.

मला बोलायचंय ते दुसऱ्याच मुलींबद्दल. ज्यांना सरसकट ग्रुपी म्हटलं गेलं, पण ज्या कुणाच्या हॉटेलच्या खोलीत गेल्या नाहीत. त्या फक्त फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं!

ताजमधला लिफ्टमन

गोष्ट बीटल्सची आहे, पण तिचा एक तुकडा आपल्या मुंबईत घडलाय. तिथूनच सुरुवात करू.

१५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजार लोकांसमोर बीटल्स गायले. गायले म्हणजे काय, त्यांचे ओठ हलताना दिसले. किंकाळ्याच एवढ्या, की गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना. असं आणखी वर्षभर चाललं आणि २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शेवटचा शो करून चौघांनी दौऱ्यांना रामराम ठोकला.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांतच जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला. पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. उतरला ताजमध्ये, खोट्या नावाने. केस कमी केलेले, मिशा वाढवलेल्या. फुल्टू हिंदी सिनेमातला वेषांतराचा सीन! पण हॉटेलच्या लिफ्टवरच्या एका पोराने त्याला ओळखलं. झालं. बातमी फुटली, ताजबाहेर गर्दी जमली आणि 'आम्हाला शांतपणे शिकू द्या' हे सांगायला पंडितजींना पत्रकार परिषद घ्यावी लागली. शेवटी गुरू-शिष्य काश्मीरला निघून गेले. अर्धं जग ओलांडून गडी सतारीच्या मागे आला, तर इथेही खिडकीखाली तीच हाकाटी.

आता गंमत बघा. शो बंद झाले म्हणून वेड बंद झालं का? उलट त्याचा पत्ता बदलला. स्टेजवर ते दिसणारच नसतील, तर दिसणार कुठे? जिथे ते रोज कामाला येतात तिथे. लंडनमध्ये अॅबी रोडवर ईएमआयचा स्टुडिओ होता. पॉल मॅकार्टनीचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, कॅव्हेंडिश अॅव्हेन्यूवर. १९६८ मध्ये बीटल्सच्या 'अॅपल' कंपनीचं ऑफिस सॅव्हिल रोवर तीन नंबरच्या इमारतीत आलं. तीन पत्ते, तिन्ही सगळ्यांना ठाऊक. मुली तिथे उभ्या राहायला लागल्या. लंडनच्या थंडीत, पावसात, तेच तेच कोट घालून. जॉर्जने त्यांना नाव ठेवलं 'अॅपल स्क्रफ्स'. आपल्या भाषेत सांगायचं तर अॅपलच्या गबाळ्या पोरी. पोरींनी ते नाव पदवीसारखं लावून घेतलं. स्वतःची ओळखपत्रं बनवली, स्वतःचं मासिक काढलं. कोण कुठल्या गाडीतून येतो, कुणाचा मूड कसा आहे, आज रेकॉर्डिंग आहे की नुसती मीटिंग, सगळी खडान् खडा माहिती. काहीजणी दिवसा नोकरी करायच्या आणि मग इकडे 'ड्यूटी'वर. काहीजणी थेट परदेशातून आलेल्या. त्यांच्यातल्याच टेक्ससच्या कॅरल बेडफर्डने नंतर, १९८४ मध्ये, या उभं राहण्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'वेटिंग फॉर द बीटल्स'.

तुम्ही म्हणाल, मिळत काय होतं त्यांना? एक 'हॅलो'. कधी सही. कधी गाडीच्या काचेआडून हात. बस्स. यात हसण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या शोसाठी मीही रविवारची दुपार लॅपटॉपसमोर घालवली होती. ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे कित्येक लाख माणसं. आणि समजा मिळालंच असतं तिकीट, तरी मला काय दिसणार होतं? डी. वाय. पाटील स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतून अंगठ्याएवढा ख्रिस मार्टिन! अॅबी रोडवरच्या पोरींना निदान चार फुटांवरून बघायला मिळायचं.

आणि एकदा तर त्याहूनही जास्त मिळालं.

४ फेब्रुवारी १९६८. रविवारची संध्याकाळ. आत 'अॅक्रॉस द युनिव्हर्स' या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. वरच्या पट्टीतले बायकांचे आवाज हवे होते आणि रविवारी ऐन वेळी गायिका आणणार कुठून? पॉल दारात आला आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलींना त्याने विचारलं, उंच सूर कुणाला धरता येईल? ब्राझीलची सोळा वर्षांची लिझी ब्राव्हो पुढे झाली. पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने आईवडिलांकडून लंडनचा प्रवास मागून घेतला होता, आणि आल्यापासून ती याच फाटकावर होती. तिच्याबरोबर गेलीन पीझ नावाची सतरा वर्षांची लंडनची मुलगी. दोघी आत गेल्या आणि लेनन-मॅकार्टनीबरोबर एका माईकवर गाऊन बाहेर आल्या. तोवर बीटल्सच्या रेकॉर्डवर गायला असं बाहेरच्या फॅन मुलींना कुणी कधी बोलावलं नव्हतं. दहा-बारा दिवसांनी जॉन आणि जॉर्ज ऋषिकेशला निघून गेले.

त्या दोघींच्या जागी मी असते तर? मी बहुतेक दारातच चक्कर येऊन पडले असते.

बाथरूमची खिडकी

इथपर्यंत सगळं गोड गोड आहे. पण दार एकदा उघडतं हे कळलं, की पुढच्या वेळी ते उघडण्याची वाट कोण बघणार?

पॉल घरी नसताना एक दिवस फाटकावरच्या मुलींनी बागेतली शिडी उचलली, बाथरूमच्या अर्धवट उघड्या खिडकीला लावली आणि एक जण आत शिरली. तिने आतून पुढचं दार उघडलं आणि मैत्रिणींना घरात घेतलं. कपडे, फोटो, हाताला लागेल ते गेलं. आता पॉलने काय केलं असेल? पोलीस? छे! फाटकावरच्याच एका ओळखीच्या मुलीला त्याने सांगितलं, की बाकी जाऊ दे, पण त्यातला एक जुना फोटो तेवढा मला परत मिळवून दे. आणि मग त्याने त्या प्रकारावर गाणं लिहिलं. १९६९ च्या 'अॅबी रोड' अल्बममध्ये 'शी केम इन थ्रू द बाथरूम विंडो' आहे ना, ते हेच.

म्हणजे विचार करा. तासन्तास शहाण्यासारखं बाहेर उभं राहिलं, तर 'हॅलो' मिळतो. घर फोडलं, तर अजरामर होता येतं! मला पॉलचा हा दिलदारपणा आवडतो, पण मला तो महागातलाही वाटतो. त्या गाण्याने एक रेघ पुसली गेली. फाटकाबाहेरची मुलगी आणि खिडकीतून आत आलेली मुलगी एकच, असं जणू सर्टिफिकेट मिळालं. दोघी एक नाहीत. पहिलीच्या बाजूने मी कुठल्याही कँटीनमध्ये भांडेन. दुसरीच्या नाही.

आपल्याकडे हा घोळ बालगंधर्वांनी फार शिताफीने टाळला होता. त्यांचं वेड काय कमी होतं? बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखा केसांत गजरा माळायच्या. एका पुरुषाकडून बायका बाईपणाची फॅशन शिकत होत्या, राव! पण नारायणरावांनी प्रेक्षकांना नाव दिलं होतं 'मायबाप'. संपलं. नातं ठरलं. आता मायबाप काही शिडी लावून लेकराच्या बाथरूममध्ये उतरत नाहीत. पाश्चात्त्य पॉपने मात्र हे नातं ठरवलं प्रेयसीचं. चार देखणे तरुण, 'तू' म्हणून गाणारे, आणि रेडिओसमोर बसलेल्या प्रत्येक मुलीला वाटणार की हे 'तू' म्हणजे मी. ते तसं वाटावं अशीच ती गाणी लिहिलेली होती, तसेच ते चौघं विकले जात होते. जॉन लेननचं लग्न झालंय, ही गोष्ट सुरुवातीला दडवून ठेवली गेली ती काय उगीच? आणि मग पोरींनी ते मनावर घेतलं, तर वेड्या कोण? पोरीच!

त्यामुळे खऱ्या बायका आल्या तेव्हा भडका उडाला. १२ मार्च १९६९ ला पॉलने लिंडा ईस्टमनशी लग्न केलं. रजिस्ट्रार ऑफिसबाहेर भर पावसात मुली ओक्साबोक्शी रडत होत्या. लिंडा कोण होती? व्यावसायिक फोटोग्राफर. 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर फोटो छापून आलेली पहिली बाई, मे १९६८ मधला एरिक क्लॅप्टनचा फोटो तिचा. आणि तिला काय म्हटलं गेलं? बरोबर, ग्रुपी! फाटकावरच्या मुलींना जग जो शब्द फेकून मारत होतं, तोच नेमका तिच्यावर फेकला गेला. योको ओनोचे हाल तर याहून वाईट. तिला पिवळी गुलाबं दिली गेली ती काटे हातात येतील अशी, देठांच्या बाजूने. ज्यांनी दिली त्या कोवळ्या वयाच्या मुली होत्या. असूयेला वय नसतं आणि तिच्यात जातवार द्वेष मिसळायलाही वेळ लागत नाही. योको जपानी होती, हे विसरू नका.

गंमत म्हणजे या सगळ्यात पुरुष फॅन कुठेच दिसत नाहीत. होते की! हजारोंनी होते. पण पोराने प्रत्येक गाण्याचा प्रत्येक टेक पाठ केला, रेकॉर्डी जमवण्यात पगार उडवला, की तो 'दर्दी'. आपल्याकडे तर 'कानसेन' असा खास किताबच आहे. पोरगी तेच करायला गेली, की 'लागलं हिला वेड'. आमच्या कँटीनमधली ती पिन याच पेटीतली.

बीटल्सच्या चौघांपैकी या मुलींना सगळ्यात नीट उत्तर दिलं जॉर्जने. तोच तो, ताजमधून पळालेला. १९७० मध्ये बँड फुटला आणि त्याचा स्वतःचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आला, त्यात 'अॅपल स्क्रफ्स' नावाचं एक गाणं आहे. हार्मोनिका, गिटार आणि तो. फाटकावरच्या मुलींना आत बोलावून त्याने ते ऐकवलं. प्रेमगीत आहे, पण खिडकी उघडणारं नाही. मी तुम्हाला पाहिलंय, तुम्ही तिथे होतात हे मला माहीत आहे, एवढंच सांगणारं.

एकाच फूटपाथवर

८ डिसेंबर १९८०. न्यूयॉर्क, बहात्तराव्या रस्त्यावरची डकोटा इमारत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जॉन लेनन बाहेर पडला, तेव्हा फूटपाथवर दोन फॅन होते.

एकाचं नाव पॉल गोरेश. हौशी फोटोग्राफर, वय एकवीस. हा पठ्ठ्या पहिल्यांदा लेननच्या घरात शिरला होता तो व्हिडिओ दुरुस्तीवाला असल्याचं सोंग घेऊन. म्हणजे खिडकीच की! पण पुढे लेननशी त्याची बऱ्यापैकी ओळख जमली, दोघं एकत्र चालायला जायचे. त्याने काढलेला लेननचा फोटो नंतर एका सिंगलच्या कव्हरवर छापला गेला. दुसरा होता पंचवीस वर्षांचा एक माणूस. त्याने 'डबल फँटसी'ची नवी रेकॉर्ड पुढे केली, लेननने सही केली, गोरेशने तो क्षण टिपला. रात्री अकराच्या आत लेनन परत आला, तेव्हा तो दुसरा माणूस तिथेच थांबला होता. त्याने पाठीमागून गोळ्या झाडल्या.

त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला प्रसिद्धी हवी होती, असं त्याने स्वतःच पॅरोल बोर्डासमोर सांगितलंय. पॅरोल पुन्हा पुन्हा नाकारला गेलाय.

तो फोटो मी खूप वेळा पाहिलाय. लेनन मान खाली घालून सही करतोय आणि मागे तो माणूस. फोटोत धोक्याचं काहीही नाही. हेच त्यातलं भयंकर आहे. सही मागणारा आणि गोळी घालणारा वेगळे दिसत नाहीत. यावरून सगळे फॅन धोकादायक असतात, असं म्हणणं शुद्ध मूर्खपणा आहे. मानसिक आजार वेगळा आणि चाहतेपण वेगळं. ३० डिसेंबर १९९९ ला जॉर्ज हॅरिसनच्या घरात घुसून ज्याने त्याला भोसकलं, त्यालाही कोर्टाने मनोरुग्ण म्हणूनच सोडवून इस्पितळात पाठवलं. (जॉर्जला वाचवलं ते त्याची बायको ऑलिव्हियाने, शेकोटीची सळई हाणून!) पण आतल्या माणसाला ही निवड करता येत नाही. त्याच्या बाजूने बघा. फाटकावर पन्नास चेहरे, पन्नासांनाही तो माहीत, त्याला एकही माहीत नाही. त्यातले एकोणपन्नास गबाळे, निरुपद्रवी, प्रेमळ. पन्नासावा कोण?

अशा एकतर्फी ओळखीला दोन अमेरिकन अभ्यासकांनी, हॉर्टन आणि वोल यांनी, १९५६ मध्येच 'पॅरासोशल' हे नाव दिलं होतं. तेव्हा ते टीव्ही-रेडिओवरच्या निवेदकांबद्दल बोलत होते. आज हा शब्द आपल्या खिशात वाजतो. कोरियन पॉपमध्ये अशी अॅप्स आहेत, की महिन्याचे पैसे भरले की तुमचा लाडका गायक तुम्हाला मेसेज करतो. थेट चॅटसारखा. ''जेवलीस का?'' आणि पुढे तुमचं नाव! तो मेसेज सगळ्यांना एकच जातो, नाव तेवढं अॅप आपोआप घालतं. आमच्या अकाऊंट्सवालीला हे पक्कं माहीत आहे. ''मग पैसे का भरतेस गं?'' मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी जीएसटीचं साधं रिटर्न विचारलंय. ''दिवसभरात मला कोण विचारतं, जेवलीस का म्हणून?''

यावर मला उत्तर सुचलं नाही. ती एकटी राहते, पेइंग गेस्ट म्हणून, आईबाबा नांदेडला.

फाटक आता भाड्याने मिळतं, इतकाच काय तो फरक. आणि खिडकीवाल्याही आहेतच. कोरियात त्यांना 'सासेंग' म्हणतात. गायकाच्या विमानातलं शेजारचं सीट पकडणं, त्याचा फोन नंबर विकत घेणं, घरापर्यंत पाठलाग करणं, असले त्यांचे उद्योग. दक्षिण कोरियात पाठलागाविरुद्धचा स्वतंत्र कायदा लागू झाला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेची चॅपल रोन ही गायिका कॅमेऱ्यासमोर येऊन सरळ म्हणाली, की रस्त्यात मला अडवणं, माझ्या घरच्यांच्या मागे लागणं हे मी प्रसिद्धीची किंमत म्हणून चालवून घेणार नाही. लोकांनी तिला माजोरडी ठरवलं. मला ती बीटल्सपेक्षा प्रामाणिक वाटली. तिने खिडकीवर गाणं लिहिलं नाही, कडी लावली.

लिझी ब्राव्होचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. ती ब्राझीलला परतली, तिथे गायिका म्हणूनही काम केलं आणि २०१५ मध्ये फाटकावरच्या दिवसांच्या डायऱ्यांचं पुस्तक काढलं. २०२१ मध्ये ती गेली. तिचा आवाज मात्र एकदा पुसला गेला होता. १९७० मध्ये 'लेट इट बी' अल्बमसाठी फिल स्पेक्टरने 'अॅक्रॉस द युनिव्हर्स' नव्याने सजवलं, तेव्हा दोघी पोरींचे सूर काढून टाकले आणि त्या जागी व्हायोलिनं आणि पैसे देऊन आणलेला कोरस घातला. सगळीकडे वाजतं ते बहुतेक वेळा हेच. जुनं रेकॉर्डिंग १९६९ च्या डिसेंबरात वन्यजीवांच्या मदतीसाठी निघालेल्या एका अल्बमवर आलं होतं आणि आता ते 'पास्ट मास्टर्स'मध्ये मिळतं. घरी जाताना लोकलमध्ये हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला पक्ष्यांचा फडफडाट आहे. मग लेनन. मग ध्रुवपद येतं आणि त्याच्या डोक्यावर, जरासे पातळ, जरासे घाबरलेले दोन आवाज.